धारेचा सांभाळ

सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे अध्ययन करीत असताना ज्या वस्तऱ्याशी आमचा प्रथम परिचय झाला, तो 'ऑकमचा वस्तरा' होय. चौदाव्या शतकातील इंग्रज फ्रान्सिस्कन विचारवंत ऑकमचा विल्यम याच्या नावाने ओळखले जाणारे हे तत्त्व असे सांगते की, एखाद्या गोष्टीचा उलगडा थोडक्या कारणांनी होत असेल, तर तेथे विनाकारण अधिक कारणांची गर्दी करू नये. अनावश्यक ते सारे खरवडून काढावयाचे, म्हणून तो वस्तरा. वर्गात आम्ही सर्वांनीच हा वस्तरा परजून पाहिला आणि एकमेकांच्या युक्तिवादांची त्याने बिनपाण्याने हजामतही केली. परंतु वस्तरा म्हटला की त्याची धार आज ना उद्या जाणारच, आणि गेलेली धार परत आणण्याची काही सोय हवी, हा विचार त्या वर्गात कोणी बोलून दाखविल्याचे स्मरत नाही.

न्हाव्यावर आणि त्याच्या हत्यारांवर मराठी भाषेने प्रेम केले आहे, तशी त्यांची थट्टाही केली आहे. 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. तुंबडी लावून रक्त काढणारा न्हावी हा एके काळी गावचा अर्धा वैद्य होता, हे त्या थट्टेतूनही कळून येते. संत सेना महाराजांनी तर आपल्या व्यवसायातील साहित्यालाच परमार्थाचे रूपक केले. मात्र न्हाव्याच्या धोपटीत वस्तऱ्याशेजारी गुंडाळी करून ठेवलेला जो चामड्याचा पट्टा असे, त्याच्या वाट्याला फारसे कौतुक आलेले नाही. त्या पट्ट्याविषयी, आणि तो घरच्या घरी कसा करता येतो याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस आमच्या मनात आहे. त्यास एक घरगुती कारण घडले. ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम धार म्हणजे काय, हे समजून घेणे उचित ठरेल. वस्तऱ्याचे पाते पाठीकडून कडेकडे निमुळते होत जाते आणि शेवटी त्याची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी उरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे केसाच्या मानाने ही कड अतिशय पातळ, आणि म्हणूनच अतिशय नाजूक. दाढी करताना ती कोठे किंचित वाकते, कोठे तिचा सूक्ष्म टवका उडतो, तर कोठे हवेतील दमटपणाने तिच्यावर गंजाचा अंश चढतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोलाद हे केसाहून सुमारे पन्नास पट कठीण असूनही केसामुळे पात्याच्या कडेचे टवके कसे उडतात, याचा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोध घेतला. केस तिरका वाकून पात्याला भिडला आणि नेमक्या त्याच जागी पोलादाच्या अंतर्रचनेत विषमता असली, म्हणजे हा मऊ केस कठीण पोलादाला टवका पाडतो, असे त्यांना आढळले.

बोथट पाते पुन्हा धारदार करण्याचे दोन मार्ग आहेत. एक दगडाचा, दुसरा चामड्याचा. दगडावर पाते घासले की पोलाद झिजते, जुनी मोडकी कड नाहीशी होते आणि तिच्या जागी नवी कड तयार होते. धार मोडली असेल तेव्हा हाच उपाय योग्य. परंतु जी धार केवळ वाकली आहे, तिला दगडाची गरज नसते. ताणून धरलेल्या चामड्यावरून पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे व धार मागे अशा रीतीने, हलक्या हाताने ओढले असता ती वाकलेली कड पुन्हा सरळ रेषेत येते आणि तिच्यावरचा मळ व गंजाचा अंश पुसला जातो. दगड धार निर्माण करतो, चामडे ती सांभाळते. ज्याच्या घरी पट्टा नाही, त्याला दगडाकडे वारंवार जावे लागते, आणि प्रत्येक खेपेस पोलाद थोडे थोडे संपत जाते.

आता घरगुती कारण. आमचे आजोबा बोटीवर नोकरीस होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोणत्याशा बंदरात त्यांनी जर्मनीतील सोलिंगनचा एक वस्तरा विकत घेतला. चाकू-कात्र्या आणि वस्तरे यांसाठी हे शहर इतके विख्यात की, त्याच्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९३८ साली जर्मनीत खास कायदा करण्यात आला. अमेरिकेत किंग जिलेट यांना ब्लेड बदलण्याच्या वस्तऱ्याचे एकाधिकारपत्र १९०४ सालीच मिळाले होते आणि पुढे ती ब्लेडे खेड्यापाड्यांतूनही पोहोचली. आमच्या घरात मात्र आजोबांनंतर वडिलांनीही सोलिंगनचाच वस्तरा चालू ठेवला. पहाटे उठावे, विहिरीचे पाणी तापत ठेवावे, खिडकीच्या गजाला पट्टा अडकवून वस्तरा त्यावर फिरवावा आणि मग आरशासमोर बसावे, हा त्यांचा नेम होता. बागायतीच्या कामाने राठ झालेले त्यांचे हात त्या वेळी फार हळुवार होत.

२०२१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. समज मात्र शाबूत होती. आमच्या थोरल्या बंधूंनी आणि वहिनींनी त्यांची जी सेवा केली, तिला तोड नाही. एका गोष्टीत तेवढे वडील ऐकेनात. बंधूंनी वापरून टाकून देण्याच्या रेझरने दाढी करावयास घेतली की ते तोंड भिंतीकडे वळवीत. पांढरी दाढी वाढत गेली. ज्या मनुष्याने साठ वर्षे रविवारची मिस्सा कधी दाढी न करता ऐकली नाही, त्याला त्या दाढीची लाज वाटत असावी, असे त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट केले. आत वस्तरा होता. त्यास वहिनींनी खोबरेल लावून ठेवल्याने तो जवळपास स्वच्छ राहिला होता. पट्टा मात्र उंदरांनी कुरतडला होता, आणि उरलेला भाग बुरशीने तडकून गेला होता.

आमचा मोकळा दिवस सोमवार. त्या दिवशी घरी जाऊन वडिलांची दाढी आपण करावी, असे आम्ही ठरविले. त्यांना रक्त पातळ ठेवण्याची औषधे चालू नाहीत, याची डॉक्टरांकडे खात्री करून घेतली. प्रश्न उरला तो पट्ट्याचा. बाजारात चौकशी केली, तर सलूनवाल्यांनी नकारार्थी माना हलविल्या. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एड्सविषयी जागृती झाली, तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकास नवे ब्लेड लावण्याची रीत रुळली, आणि ती सर्वथा योग्यच आहे. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या त्वचेत जाणे धोक्याचे. म्हणून जुना वस्तरा व त्याचा पट्टा ही एकाच माणसाने वापरावयाची चीज आहे, हे सुज्ञ वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे.

तेव्हा आम्ही गावातील एका वृद्ध नाभिकांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ आता धंद्यातून निवृत्त झाले आहेत. आमच्या घरचा वस्तरा वर्षातून एकदा दगडावर घेण्यासाठी त्यांच्याकडेच जात असे. सारे सांगून झाल्यावर त्यांनी वस्तरा उजेडात धरला, नखावर हलकेच टेकवला आणि म्हणाले, "फादर, दगडावर मी घेऊन देतो, शेवटचा. पण पट्टा तुम्ही करा. दगड पोलाद खातो, पट्टा पोलाद खात नाही. दगडाला वर्षातून एकदा हात लावायचा, पट्ट्याला रोज." मोबदल्याचे विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या घरचं बलुतं भाताचं. कित्येक वर्षं राहिलंय." त्या आठवड्यात बंधूंनी त्यांच्याकडे तांदळाची गोणी पोहोचती केली.

या बलुत्याच्या निमित्ताने एक विचार मनात आला, तो येथेच नमूद करतो. लोहार, चांभार आणि न्हावी हे तिघेही बारा बलुतेदारांपैकी. एकाने पाते घडवावे, दुसऱ्याने चामडे द्यावे आणि तिसऱ्याने दोन्हींचा मेळ घालून गावाचे तोंड स्वच्छ ठेवावे. चामड्याला हात लावणाऱ्या माणसाला गावाने उंबरठ्याबाहेर थांबविले. परंतु त्याच चामड्यावरून फिरलेला वस्तरा मात्र मानकऱ्यांच्या गालांवरून रोज फिरत राहिला, आणि त्याचा विटाळ कोणाला झाला नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत हा दोष नव्हता, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. जातींची ओळख आपणही देवळापर्यंत नेली. एक चामड्याचा पट्टा करावयास घेतला, तर इतक्या माणसांचे ऋण ध्यानी येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पट्ट्यासाठी चामडे निवडणे हे निम्मे काम आहे. कातडी कमावण्याच्या मुख्य रीती दोन. एक वनस्पतींच्या साली व फळे वापरून, आणि दुसरी क्रोमियमचे क्षार वापरून. आज जगातील बहुतांश चामडे दुसऱ्या रीतीने तयार होते, कारण ती झटपट होते. परंतु ते चामडे बहुधा मऊ व ताणले जाणारे असते. पट्ट्याला हवे ते घट्ट, कमी ताणणारे, वनस्पतींनी कमावलेले चामडे. त्याचा शोध घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपली कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावलेले असते. कोल्हापुरी चपला बांधणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही म्हशीच्या कातड्याचा तुकडा मिळविला. पारख करण्याची खूण अशी की, चामड्याची कापलेली कड पाहावी. क्रोमियमच्या चामड्याचा गाभा पुष्कळदा निळसर-राखाडी दिसतो, वनस्पतींनी कमावलेले चामडे आरपार तपकिरी असते आणि पाण्याचा थेंब टाकताच तेथे गडद होते.

तुकडा जनावराच्या पाठीच्या भागातील असावा. पोटाकडचे चामडे सैल व असमान असते. त्यावर व्रण, किड्यांचे डाग वा सुरकुत्या नसाव्यात. लांबी बावीस इंच, रुंदी तीन इंच आणि जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, हे आमचे माप. वस्तऱ्याचे पाते साधारण तीन इंचांचे असल्याने तेवढ्या रुंदीच्या पट्ट्यावर ते पुरते टेकते. अरुंद पट्ट्यावर पाते तिरके ओढीत न्यावे लागते. पट्टी पाठीच्या कण्याला समांतर कापावी, म्हणजे ती पुढे कमी ताणते. कापण्यासाठी चांभाराची रापी उत्तम, आणि पोलादी पट्टीचा आधार घ्यावा.

त्यानंतर चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर कोमट पाण्याने ओला केलेला फडका फिरवावा. चामडे भिजू देऊ नये, केवळ दमट करावे. मग ते सपाट फळीवर ठेवून काचेच्या गोल बाटलीने जोर देऊन लाटावे. आम्ही त्यासाठी मिस्सेच्या द्राक्षारसाची रिकामी बाटली वापरली. त्या बाटलीला याहून अधिक उपयुक्त निवृत्ती लाभली नसती. लाटल्याने चामड्याचे तंतू दाबले जाऊन पृष्ठभाग घट्ट होतो. नंतर पट्टी दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवून सावलीत दोन दिवस वाळवावी. उन्हात ठेवल्यास चामडे आखडते आणि वाकते. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून उंचवटे काढावेत.

यानंतरची रीत जुन्या न्हाव्यांची. दाढीच्या साबणाचा दाट फेस करून तो चामड्यावर तळहाताने चोळावा आणि बाटलीने जिरवावा. वाळू द्यावे. असे चार-पाच दिवस करावे. चामड्याची सूक्ष्म छिद्रे त्यामुळे भरून येतात आणि त्यावर एक मंद तकाकी येते. तेलाचा मोह टाळावा. जास्त तेल पाजले की चामडे लिबलिबीत होते आणि मग पाते त्यावर सरकण्याऐवजी रुतते. चामड्याला जे तेल खरोखर मानवते, ते माणसाच्या तळहाताचे. रोज वापरण्यापूर्वी पंधरा-वीस वेळा कोरडा तळहात त्यावरून जोराने फिरवला, तर पट्टा वर्षानुवर्षे जिवंत राहतो.

चामड्याच्या जोडीला एक कापडी पट्टाही लागतो, कारण चामड्यावर जाण्यापूर्वी पाते जाड सुती कापडावर पुसून घेण्याची पद्धत आहे. वसईच्या किनाऱ्यावर त्याचीही सोय होते. एका कोळी कुटुंबाच्या माळ्यावर जुन्या शिडाचे सुती कापड पडून होते. होडीला यंत्र बसल्यापासून त्याचे काम संपले होते. त्यातील एक पट्टी त्यांनी आनंदाने दिली. शिडाच्या कापडात समुद्राचे मीठ मुरलेले असते आणि मीठ हा पोलादाचा वैरी. म्हणून ती पट्टी गोड्या पाण्यात तीन वेळा उकळून, वाळवून आणि इस्त्री करून घेतली. मग चामडे व कापड यांची वरची टोके एकावर एक ठेवून आरीने भोके पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली आणि त्यांत पितळेची कडी बसविली. खालच्या टोकाला चामड्याची दुहेरी मूठ केली. कोणाला हवे असल्यास कापडाच्या मागील बाजूस पोलाद चकाकविण्याचे हिरवे पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइडची पूड, अगदी नाममात्र चोळता येते. ती पोलाद किंचित घासते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच तिचा उपयोग करावा. चामड्याची बाजू मात्र कायम कोरी ठेवावी.

पट्टा तयार झाला की मग हात तयार करावयाचा. कडी खिडकीच्या गजात अडकवून मूठ डाव्या हाताने ओढून धरावी. पट्टा सैल पडला तर तो पात्याच्या कडेभोवती वळतो आणि सरळ झालेली धार गोल होते. पात्याची पाठ व धार दोन्ही एकाच वेळी पट्ट्याला टेकलेली असावीत. पाठ पुढे करून पाते ओढावे. टोकाशी पोहोचल्यावर ते पाठीवरच उलटावे, धारेवर कदापि नाही, आणि परत यावे. वजन वस्तऱ्याचे स्वतःचे असेल तेवढेच. कापडावर वीस फेऱ्या आणि चामड्यावर पन्नास. वेगाची काही मातबरी नाही. चित्रपटातील न्हावी ज्या झपाट्याने वस्तरा फिरवितात, तो पाहून नवशिके तसेच करू जातात आणि उलटताना पट्टाच कापून बसतात. आमच्या वृद्ध नाभिकांचे याविषयी एक वाक्य आहे, "पट्ट्यावरची पहिली जखम घाईची असते."

पहिल्या सोमवारी पट्टा वडिलांच्या खाटेजवळच्या खिडकीला अडकवला. आम्ही फेऱ्या सुरू केल्या. वडील डोळे मिटून ऐकत होते. चामड्यावरून पाते नीट टेकून जाते, तेव्हा एक सलग, मऊ असा आवाज येतो. हात जड झाला की तो आवाज घोगरा होतो, आणि पाते नीट टेकले नाही की तो विरून जातो. जेथे आवाज बदले, तेथे वडिलांच्या डाव्या हाताचे बोट चादरीवरून वर उठे. आम्ही थांबत असू, मनगट सैल करीत असू, पुन्हा सुरू करीत असू. बोट खाली जाई. वाचा गेल्यापासून त्यांनी आम्हाला काही शिकविले, असे ते पहिलेच. पन्नास फेऱ्या पूर्ण झाल्यावर त्यांनी हात पुढे केला, पट्ट्याला स्पर्श करून पाहिला आणि मान एकदा हलविली. मग गरम पाण्याचा टॉवेल, फेस, आणि डाव्या हाताने सैल त्वचा ताणून धरीत एकेक पट्टा साफ करीत जाणे. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते. तेथे बोथट वस्तराच अधिक धोक्याचा, कारण त्याला जोर द्यावा लागतो. चांगली धार जोर मागत नाही.

दीड वर्षाहून अधिक काळ आमचे सोमवार असे गेले. या काळात मनात जे विचार आले, त्यांपैकी काही येथे मांडतो. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना चिरफाड व डागणी यांचा समावेश असणारी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. दुसरीकडे, याजकीय जीवनात प्रवेश करणाऱ्याच्या मस्तकावरील केस विधिपूर्वक कापण्याची प्रथा ख्रिस्तसभेत शतकानुशतके होती, ती पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली रद्द केली. हाताने वस्तरा धरणारा जो संत आम्हाला विशेष जवळचा वाटतो, तो पेरू देशातील लिमा येथील मार्टिन दी पोरेस. १५७९ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मातेचा मुलगा लहानपणी न्हावीकाम व शस्त्रवैद्यक शिकला आणि पुढे डोमिनिकन मठात बंधू म्हणून राहून आजाऱ्यांची सेवा करीत १६३९ साली निवर्तला. पोप तेविसावे जॉन यांनी १९६२ साली त्यास संतपद जाहीर केले. वर्णाच्या कारणाने ज्याला मठात खालची जागा मिळाली, त्याच्या हातांनी मठातील सर्वांचे केस व व्रण सांभाळले. आमच्या बलुतेदारांची आठवण त्याच्या चरित्रात होते, ती यामुळे.

दुसरा विचार आमच्या स्वतःच्या कामाविषयी. धर्मग्रामात माणसे आमच्याकडे येतात, ती बहुधा कोठेतरी वाकलेली असतात. संसाराने, कर्जाने, दारूने, मुलांच्या वागण्याने. त्यांच्याकडे पाहून 'याची धार गेली' असे म्हणणे सोपे आहे, आणि त्यांना दगडावर घेणे त्याहून सोपे. व्यासपीठावरून दगड फिरविल्याचा आवाजही मोठा येतो. काही माणसांना दगड लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. जेथे टवका उडाला आहे, तेथे नुसते गोंजारून भागत नाही. परंतु बहुतेकांची धार मोडलेली नसते, वाकलेली असते. त्यांना हवे असते ते रोजचे, हलक्या हाताचे, उलट्या दिशेचे एक ओढणे, आणि ओढणाऱ्याने पट्टा ताणून धरलेला असणे. सैल पट्ट्याची माया धार गोल करते, तीही कामाची नाही. कोणास दगड आणि कोणास चामडे, हे ओळखणे ही आमच्या कामातील सर्वांत अवघड परीक्षा आहे, आणि दगडावर घासलेले पोलाद परत येत नाही, एवढे तरी ती देताना स्मरणात ठेवावे.

२०२३ च्या पावसाळ्यात वडील गेले. मरण सोमवारी आले नव्हते, म्हणून दाढी तीन-चार दिवसांची होती. शवपेटी यावयास अवकाश होता. बंधूंनी पाणी तापविले, आम्ही पट्टा खिडकीला अडकवला. वृद्ध नाभिक काठी टेकीत आले आणि दाराशी उभे राहिले. त्यांना आत बोलावून खाटेजवळ बसविले. कापडावर वीस, चामड्यावर पन्नास. त्या दिवशी बोट उठणार नव्हते, म्हणून आवाजाकडे आम्हालाच लक्ष द्यावे लागले. नंतर नाभिकांनी वडिलांच्या गालावरून हाताची मागची बाजू फिरविली आणि म्हणाले, "नीट झालंय."

वस्तरा व पट्टा चौकटीत घालून भिंतीवर लावावे, असा घरातील काहींचा आग्रह होता. त्यामागचे प्रेम आम्हाला कळते. परंतु चौकटीतले चामडे हातावाचून कोरडे पडून तडकते, आणि पोलादास आपल्या किनाऱ्याची दमट हवा खाऊन टाकते. म्हणून वस्तरा निर्जंतुक करून घेतला आणि बंधूंच्या संमतीने दोन्ही वस्तू आमच्या निवासात आणल्या. सकाळच्या मिस्सेपूर्वी पंधरा-वीस वेळा तळहात चामड्यावरून फिरतो, मग पाते फिरते. ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी धार कपाटात पडून असेल, त्यांनी हातभर चांगले चामडे मिळवावे आणि आठवडाभराची सवड काढावी, एवढीच विनंती. तो वस्तरा कोणाचा होता हे सांगणारे एखादे माणूस घरात अजून असेल, तर पट्ट्यावरचा आवाज त्याला एकदा ऐकवावा.